आलेख सांगा, मिस्त्री

"रेघ कुठून निघते ते आधी सांगा," संचालकबाई म्हणाल्या. "शेवटाची घाई करू नका."

मिस्त्रींनी चष्मा सारखा केला आणि संगणकाच्या पडद्याकडे पुन्हा पाहिले. "डाव्या हाताला, अगदी तळातून. सुरुवातीला जमिनीलगत सरपटते. मग उठते आणि जिना चढावा तशी चढत जाते."

"आणि ठिपके?"

मिस्त्री पडद्याच्या जरा जवळ सरकले. "ठिपके तिच्याबरोबर जात नाहीत, बाई. रेघ वर गेली तरी बहुतेक ठिपके होते तिथेच बसलेत. चार-दोन मात्र पार छताला टेकलेत."

"म्हणजे गाडी सुटली आणि उतारू फलाटावरच राहिले."

"तसंच म्हणायचं."

बाई खुर्चीत मागे रेलल्या. त्या आलेखातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक दुकान होते. किराणा, कापड, भांडी, वह्या-पुस्तके विकणाऱ्या या साध्या दुकानदारांनी मोबाइलवरून माल विकायला सुरुवात केली होती, आणि रेघ होती त्यांच्या सरासरी कमाईची. चार बड्या दुकानांच्या खांद्यावर बसून ती सरासरी उंच दिसत होती; बाकीचे बिचारे होते तिथेच. अभ्यासाचा सगळा जीव या एका वाक्यात होता आणि ते आत्ता, केबिनचे दार लोटून घेतलेले असताना, दोघांच्या बोलण्यातून सापडले होते.

"हा आलेख आपल्या संशोधक मुलांनी महिनाभर पाहिलाय," बाई म्हणाल्या.

"मीही पाहिलाय की. सांगायची वेळ आली तेव्हा दिसला."

व्यवस्थापन संस्थेचे हे केंद्र डिजिटल अर्थव्यवस्थेचा अभ्यास करीत असे. ग्रंथालयामागच्या एका अरुंद खोलीत या दोघांनीच ते सुरू केले होते. बाई अर्थशास्त्राच्या, मिस्त्री तंत्रनिकेतनातून शिकून संस्थेतले संगणक सांभाळायला आलेले. पहिल्याच बैठकीत प्रोजेक्टर बंद पडला तेव्हा त्यांनी खिशातून पेचकस काढून तो उघडला, आणि कोणीतरी मागून म्हणाले, "घ्या, मिस्त्री आले." नाव चिकटले. पुढे बाईंनी त्यांना उपसंचालक नेमायचे ठरवले, तेव्हा निवड समितीत बरीच कुजबुज झाली. बाईंनी एवढेच सांगितले होते की यंत्र आतून पाहिलेला माणूस शेजारी नसेल तर यंत्राच्या अर्थशास्त्रावर मी काय बोलणार? तो विषय तिथेच संपला होता. मिस्त्रींनी त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. ते रोज सर्वांच्या आधी येत, आणि त्यांच्या परीने तेच आभार होते.

गेल्या वर्षी बाईंच्या दृष्टीच्या ऐन मध्यभागी एक करडा डाग येऊन बसला. आधी त्यांना तो चष्म्याच्या काचेवरचा वाटला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की कडेचे दिसत राहील, मधले परत येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मिस्त्री त्यांना आलेख सांगत आणि मजकूर वाचून दाखवत. हे ठाऊक होते ते फक्त मिस्त्रींना आणि बाईंच्या धाकट्या बहिणीला.

लपवण्यामागे कारण होते. संस्थेचे डीन या केंद्राला विपणन विभागात विलीन करायच्या विचारात होते. संचालकाची खुर्ची जरा डळमळली असती तरी ते आयते निमित्त झाले असते. मग दुकानदारांचा अभ्यास अर्धवट राहिला असता आणि अभ्यासाला लागलेली तरुण मुले वाऱ्यावर पडली असती. आज दुपारी बाहेरचे एक परीक्षक केंद्राचे मूल्यमापन करणार होते, आणि त्यांच्या मतावर डीन निर्णय घेणार होते.

सकाळी निघताना बहिणीने टोकले होते. "ताई, ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार आहेस?"

"आजचा दिवस जाऊ दे."

"कालही हेच म्हणालीस. डोळे गेले तरी तोंड शाबूत आहे ना तुझं? मग बोल की."

बाईंनी ही तक्रार मिस्त्रींच्या कानावर घातली. मिस्त्रींचे मत मात्र उलटे होते. ते पडल्या आवाजात म्हणाले की झाकली मूठ आज झाकलेलीच राहू द्यावी. उद्या उघडायला कोण अडवतो.

दुपारी लांबट टेबलाभोवती सगळे बसले. डीन मधोमध, त्यांच्या शेजारी परीक्षक, आणि भिंतीलगत केंद्रातले तरुण संशोधक. बाई उभ्या राहिल्या आणि हातात कागद न घेता बोलू लागल्या. पूर्वी त्या कागद घेत असत. आता घेत नाहीत याचे लोकांना कौतुकच वाटत होते. सरासरीची रेघ, तळाशी बसलेले ठिपके, छताला टेकलेली दुकाने हे सारे त्यांनी इतक्या सहजपणे मांडले की परीक्षकांनी लिहिणे थांबवून नुसते ऐकले. डीननीही दोनदा मान डोलावली. मिस्त्रींना वाटले, जमले. आता चहा येईल आणि प्रसंग टळेल.

तेवढ्यात परीक्षक म्हणाले, "फारच छान. आता माझंही एक काम करा." त्यांनी स्वतःच्या संगणकाची तार जोडली आणि भिंतीवर एक आलेख उमटला. त्यांच्या शहरातल्या दुकानांतून मोबाइलने होणाऱ्या व्यवहारांचा तो आलेख होता. "अजून कुठे छापलेला नाही. तुमचं मत हवंय. काय दिसतं तुम्हाला यात?"

सगळे बाईंकडे वळले. बाईंना भिंतीच्या कडा दिसत होत्या, पंखा दिसत होता, खिडकीचा कोपराही दिसत होता. मध्ये फक्त करडे धुके होते.

मिस्त्री खाकरले. "बाई, ही रेघ जी आहे, ती साधारण..."

"थांबा, मिस्त्री."

बाईंनी टेबलाची कड धरली. पुढे त्या बोलल्या ते अगदी संथ, वर्गात बोलत तसे.

"मला हा आलेख दिसत नाही. वर्षभर कुठलाच दिसलेला नाही. माझी मधली दृष्टी गेलीय. तुमचे कान मला दिसतात, तोंड दिसत नाही. बैठकांसाठी ही सोय तशी वाईट नाही."

कोणी हसले नाही. भिंतीजवळच्या एका मुलीने तोंडावर हात ठेवला.

"आज जे मांडलं ते सगळं खरं आहे," बाई पुढे म्हणाल्या. "पण ते मी यांच्या डोळ्यांनी पाहिलंय. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आणि न पाहिलेल्या आलेखावर मत द्यायचं नाही, हे या मुलांना मीच शिकवलंय. तेव्हा मत हवं असेल तर तुम्हीच मला तो सांगा."

डीन टेबलाकडे पाहत राहिले. परीक्षक क्षणभर गोंधळले, मग उठून भिंतीपाशी गेले.

"रेघ... वर जाते," ते म्हणाले.

"कुठून निघते?"

"डावीकडून. मध्यापर्यंत चढ आहे, संथ. मग एकदम एक उडी आहे, आणि पुढे पुन्हा पहिल्यासारखाच संथ चढ."

"उडी किती रुंद आहे, किती महिन्यांची? चढाला वेळ लागतो. उडी दुकानदारांनी मारली, की आणखी कोणी?"

परीक्षक उत्तर द्यायला वळले आणि तसेच थबकले. त्यांनी बोटाने ती जागा भिंतीवर दाबून धरली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरले.

"याच महिन्यात आम्ही नोंदणीची पद्धत बदलली होती," ते म्हणाले. "लहान दुकानं आधी मोजतच नव्हतो. उडी बाजारात नाहीये. आमच्याच मोजपट्टीत आहे." ते खुर्चीत येऊन बसले. "दहा ठिकाणी दाखवलाय हो मी हा. मोठ्याने सांगायला कोणी लावलंच नव्हतं."

"मलाही कोणी लावलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "डोळे चांगले होते तोवर मीही नुसती पाहतच होते."

चहा आला. परीक्षक आणि डीन शेजारच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मिस्त्री बाईंच्या शेजारी बसून राहिले. त्यांनी कपातला चहा ढवळला, पुन्हा ढवळला. प्यायले मात्र नाहीत.

डीन परतले ते एकटेच. त्यांनी निर्णय आडपडदा न ठेवता सांगितला. केंद्र विलीन होणार नाही, अभ्यास पूर्ण होईल, परीक्षकांनी तसे लेखी देऊ केले आहे. पण संचालकपद बाईंकडे ठेवता येणार नाही. ज्याच्या सहीवर संस्था विसंबते त्याने स्वतः वाचून सही करावी लागते, हा नियम त्यांनाही बदलता येत नव्हता. वर्षभर अंधारात ठेवल्याचा रागही त्यांनी लपवला नाही. बाईंनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या.

"मग नाव सुचवा," डीन म्हणाले.

बाईंनी मान मिस्त्रींकडे वळवली. मिस्त्री एकदम उठून उभे राहिले. आपण तंत्रनिकेतनातले, आपल्या नावापुढे डॉक्टर नाही, बाहेरचे लोक हसतील, असे बरेच काही ते बोलले. बाईंनी ते सगळे बोलू दिले.

"झालं?" त्यांनी विचारले.

"झालं."

"मिस्त्री, हे धुकं जाणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मला वाटलं होतं, संपलं. तुम्ही दुसऱ्या सकाळी आलात, दार लोटलंत आणि पहिला आलेख सांगायला लागलात. मी मागितलंसुद्धा नव्हतं. मला खोटं समाधान वाटावं म्हणून एक ठिपकासुद्धा तुम्ही कधी वर सरकवला नाहीत. संचालकाला याहून जास्त काय लागतं, ते मला तरी ठाऊक नाही."

मिस्त्रींनी गार झालेला कप बाजूला सरकवला. ते म्हणाले, "अभ्यास संपेपर्यंत तुम्ही यायला हवं."

"येणार. माझं टेबल खिडकीपाशी लावा. उजेड तेवढा कळतो."

संध्याकाळी बहीण खाली फाटकाशी गाडी घेऊन आली. वर्षभर बाई निघाल्या, की मिस्त्री अर्धे पाऊल पुढे चालत आणि पायरी आली की हातातल्या किल्ल्या हलकेच वाजवत. पाहणाऱ्याला वाटे, माणसाची सवय असेल. आज त्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या आणि कोपर पुढे केले. व्हरांड्यात वर्ग नुकतेच सुटले होते. मुले बाजूला सरून भिंतीलगत उभी राहिली. बाईंनी पर्स डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने मिस्त्रींचे कोपर धरले आणि सर्वांच्या देखत जिना उतरू लागल्या.

"हळू चाला," त्या म्हणाल्या. "आता घाई कसली?"