बावीस सांधे

तिने तारेचा ब्रश जोर लावून घासला, तसा रंगाचा पापुद्रा सुटला आणि खालची फट उघडी पडली.

लोखंडी कैचीवर जिथे छपराचा आडवा दांडा टेकतो, तो सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला हवा. इथे दोन कडांना वेल्डिंगचे दोन टाके होते, दांडा जागेवर धरून ठेवण्यापुरते. मधे नुसता रंग. आणि शेजारी लोखंडात पंचाच्या टोकदार खिळ्याने ठोकलेला एक ठिपका.

एक ठिपका म्हणजे दादा.

ही बाबांची रीत. ज्याने सांधा पुरा भरला, त्याने रंग लागण्याआधी आपली खूण ठोकायची. बाबांचे तीन ठिपके, दादाचा एक. "खूण ठोकली म्हणजे जबान दिली," असं बाबा म्हणत.

तिने पुढचा सांधा घासला. त्याच्या पुढचा घासला. दुपारपर्यंत बावीस झाले. बावीस ठिकाणी जबान दिलेली आणि बावीस ठिकाणी फट.

खाली साठ शिवणयंत्रं खडखडत होती. बाहेर ट्रकमध्ये या छपरावर बसवायच्या सौर पॅनेलांची चळत उन्हात चमकत होती; त्याआधी सांधे तपासायचं काम तिचं होतं.

"काय हो ताई, छपराशीच संसार मांडलात की काय?" सुपरवायझर खालून ओरडला. "माल दारात येऊन उभा आहे."

"उभाच राहू दे. एकही पॅनेल वर चढणार नाही."

"का बरं?"

"सांधे कच्चे आहेत. पॅनेलाखाली वारा शिरला की तो छप्पर वर ओढतो. खाली माणसं बसतात."

तो हसायचा थांबला. "तुमच्या वडिलांचं, मिस्त्रींचं काम, आणि कच्चं? मग कुणी केलं ते लिहून द्या. मालक मला फाडून खातील."

तिने घरी फोन लावला. तो आईने उचलला.

"तुझ्या दादाच्या छपरावर आहेस ना गं? हळू चाल हो त्याच्यावर." आणि मग आई नेहमीचं, स्वतः जुळवलेलं गुणगुणली:

"माझ्या लेकाचं छप्पर, वादळात उभं ताठ,
गेला लेक दूरदेशी, छप्पर पाहे त्याची वाट."

हे छप्पर उभं राहिल्यावर तीन महिन्यांत दादा दुसऱ्या एका छपरावरून पडून गेला होता. अठरा वर्षं आई एवढ्या दोन ओळींवर जगत होती.

"आई, बाबांना दे."

बाबा रिक्षाने आले. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे नेलेले. समोर माणूस उभा आहे एवढंच कळायचं. कमरेला पट्टा बांधून तिने त्यांना परांचीवर चढवलं. प्रत्येक पायरीवर ती त्यांचं पाऊल हाताने टेकवत होती.

"बापाला चढवतेस की बैल दावणीला बांधतेस, ठिणगे?"

"बैल ऐकतो तरी."

जेवणाची सुट्टी झाली होती. यंत्रं थांबली होती. बाबांनी सांध्यावर अंगठा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. तो टाक्यावरून फटीत उतरला आणि दुसऱ्या टाक्यावर चढला. मग बोट बाजूला सरकलं आणि त्या एका ठिपक्यावर थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं.

"इथं मी होतो," बाबा म्हणाले. "घाई होती. राहून गेलं माझ्याकडून."

तिने त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. छपराच्या कामाचे शेवटचे चार दिवस बाबा कुठे होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती नऊ वर्षांची होती, तापाने फणफणलेली. आणि इस्पितळात तिच्या उशाशी बसून याच अंगठ्याने ते कपाळावरची ओली पट्टी दाबून धरत होते. "वरचं दादा बघतोय," असं चारही दिवस सांगत होते.

"बाबा..."

"पंच दे. हातोडीही."

तिने दिली. त्यांनी चाचपडत पंचाचं टोक ठिपक्याशेजारी टेकवलं. पहिला घाव बरोबर बसला. दुसरा निसटून बोटावर आला. रक्त लोखंडावर ओघळलं. त्यांनी ते शर्टाला पुसलं आणि पुन्हा ठोकलं.

एकाचे तीन ठिपके झाले.

"ताई, कळलं का कुणाचं काम ते?" खालून आवाज आला.

"माझं," बाबांनी वरूनच सांगितलं. "लिहून घ्या."

खाली कुणीतरी चुकचुकलं. "म्हातारा नावाला इतका जपायचा," कुणीतरी म्हणालं. परांचीवर ते स्वच्छ ऐकू आलं.

बाबांनी मान वळवली नाही.

"आणखी किती आहेत?"

"एकवीस."

"जेवणाची सुट्टी किती?"

"अर्धा तास."

त्यांनी रिकामा हात पुढे केला. तिने तो धरला, रक्ताळलेलं बोट जपून, आणि पुढच्या ठिपक्यावर नेऊन ठेवला.