जेरार्दीनोची पट्टी

चौदा नंबरच्या बराकीसमोर दुपारी दोनपासूनच माणसं उभी राहायला लागत, आणि तीन वाजता दार उघडेपर्यंत रांग पार पाण्याच्या टाकीपर्यंत जाई. बहुतेक बायकाच. अंगावर काळे कपडे आणि हातात मेलेल्या मुलाचा फोटो. भूकंपाला सोळा महिने झाले होते. रोक्कापियाना हे गाव वर डोंगरावर ढिगारा होऊन पडलं होतं, आणि गाव म्हणून जे काही उरलं होतं ते खाली सपाटीवर सरकारने दिलेल्या लाकडी बराकींत राहत होतं.

त्या दिवशी पहिला नंबर मिकेलिनाचा होता. तिला बुटक्या स्टुलावर बसवलं होतं. समोर टीव्ही, टीव्हीखाली जाड पायांचं टेबल, टेबलावर एक चपटा डबा. काळ्या पडद्यावर मधोमध तुटक रेघ होती. डावीकडे एक पांढरी पट्टी, उजवीकडे एक पांढरी पट्टी, आणि दोघींमध्ये इकडून तिकडे उड्या मारणारा चौकोनी ठिपका. ठिपका पट्टीला लागला की टक् असा आवाज यायचा.

डावी पट्टी हलवायचं बटण मिकेलिनाच्या हातात होतं. उजव्या पट्टीचं बटण प्रोफेसर आमेदेओने सगळ्यांदेखत वायरीसकट उपटून काढलं, बायकांमधून फिरवलं आणि एका रिकाम्या खुर्चीत, तिच्या गेलेल्या मुलाच्या, जेरार्दीनोच्या फोटोपुढे ठेवलं. तरी उजवी पट्टी हलत होती. ठिपका वर गेला की वर, खाली आला की खाली. टक्. टक्.

"आला," कुणीतरी कुजबुजलं, आणि सगळ्या बराकीने क्रूसाची खूण केली.

डाव दहा गुणांचा; नऊ मिकेलिनाचे झाले, आठ पलीकडच्याचे. मग ठिपका अगदी सरळ आला, बावळटालाही अडवता येईल असा, आणि उजवी पट्टी जागची हलली नाही. मिकेलिना जिंकली. ती रडत रडत हसली आणि म्हणाली, "घरी पण असंच करायचा. मला जिंकू द्यायचा."

दाराशी गावची शिक्षिका एर्सिलिया हाताची घडी घालून उभी होती. मिकेलिना तिच्या धाकट्या भावाची बायको, आणि तिसरीत जेरार्दीनो तिच्याच हाताखाली शिकला होता. त्या पोराने उभ्या जन्मात कुणाला जिंकू दिलं नव्हतं. गोट्यांत हरला तर समोरच्याच्या गोट्या गटारात फेकून यायचा. पण मेलेल्या मुलाच्या आईपुढे असलं काही काढायचं नसतं.

"बायांनो, विज्ञानावर विश्वास ठेवा," आमेदेओचं सुरू झालं. गळ्यात रेशमी रुमाल, आवाज रेडिओवरच्या निवेदकासारखा. "मी काही ताटलीत तेल सोडून दृष्ट काढणारा भोंदू नव्हे. मी तुरीनला विद्युत्‌लहरी शिकलेला माणूस. आत्मा म्हणजे काय? लहर. टीव्ही पकडतो काय? लहर. पूर्वी आत्मे टेबलं ठोकायचे, कारण बिचाऱ्यांकडे दुसरं साधन नव्हतं. आता आहे. फक्त मधली वाट मोकळी ठेवा. स्टुलामागे कुणी उभं राहू नका. ते तिथूनच येतात."

माणसं दोन्ही भिंतींना चिकटून बसत. मधली वाट मोकळी राही, थेट मागच्या लाकडी भिंतीपर्यंत, जिच्यावर काळं झिरझिरीत कापड लावलेलं होतं. त्यापलीकडची खोली प्रोफेसरांच्या ध्यानाची. तिला कुलूप असे.

"आता लेकराला विचारू," आमेदेओ म्हणाला. "हो असेल तर पट्टी वर, नाही असेल तर खाली. जेरार्दीनो, बाळा, तू सुखात आहेस?"

पट्टी वर गेली.

"आईने कोर्टात जावं असं तुला वाटतं?"

पट्टी खाली आली. अगदी तळाला टेकली आणि तिथेच थांबली.

"क्षमा," आमेदेओ हलक्या आवाजात म्हणाला. "मुलं क्षमा मागतात बायांनो. स्वतःसाठी नाही, इतरांसाठी."

कोर्टाचं नाव निघताच एर्सिलियाने मनात सह्या मोजायला घेतल्या.

भूकंपात शेकडो वर्षांची दगडी घरं पडली ते एकवेळ ठीक. पण मात्तारेसे कंत्राटदाराने बांधलेली चार मजली इमारत सात वर्षांची होती, आणि ती पत्त्यांसारखी खाली बसली. जेरार्दीनो त्यात गेला. अकरा घरांतली माणसं गेली. ढिगाऱ्यातला सिमेंटचा तुकडा बोटांनी चुरडता येत होता, आत समुद्राची वाळू होती, शिंपल्यांसकट. अकरा घरांनी मिळून तक्रार केली होती, कागद एर्सिलियानेच लिहिला होता. सुनावणी आता तीन आठवड्यांवर आली होती, आणि गेल्या दहा दिवसांत चार आयांनी सही मागे घेतली होती. चौघींची मुलं पडद्यावर येऊन नाही म्हणाली होती.

संध्याकाळी ती मिकेलिनाकडे गेली. मिकेलिना चुलीशी घेवडा ढवळत होती. नवरा स्वित्झर्लंडला कारखान्यात. घरात ती एकटीच.

"सही मागे घेणार आहेस?"

"तो नको म्हणाला ताई. तुम्ही ऐकलंत ना."

"मी एक पट्टी खाली आलेली पाहिली."

"तुम्हाला पट्टी दिसते. मला माझा मुलगा दिसतो." तिने झाकण ठेवलं. "वर्षभर मला झोप नव्हती. आता लागते. तुमच्या कोर्टाने झोप लागणार आहे का?"

एर्सिलिया तशीच निघाली आणि कानियोकडे गेली. कानियो गावातला एकमेव रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. दुकान गाडलं गेलं होतं, आता मालगाडीच्या एका जुन्या डब्यात बसायचा. तिने सगळं सांगेपर्यंत तो एका रेडिओच्या पोटात डोकं घालून होता.

"खेळ आहे तो बाई," अखेर तो म्हणाला. "टीव्हीला जोडायचा. मी झुरिकला होतो तेव्हा मालकाच्या पोरांकडे होता. ते बटण म्हणजे काय, तर रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं असतं ना, तेच. फिरवलं की वीज कमीजास्त होते आणि पट्टी वरखाली."

"पण ते तर उपटून ठेवतात खुर्चीत."

"उपटलं तर पट्टीने एका टोकाला जाऊन मुकाट बसलं पाहिजे. हलते आहे, म्हणजे डब्यातून दुसरी वायर निघाली आहे. टेबलाच्या पायातून खाली, आणि या बराकी तर सगळ्या ठोकळ्यांवर उभ्या, खाली पोकळच. कितीही लांब न्या वायर. फक्त फिरवणाऱ्याला पडदा दिसला पाहिजे. त्याशिवाय ठिपका अडवणार कसा?"

"हे तुला पहिल्या दिवशीच कळलं असेल."

कानियोने पेचकस खाली ठेवला. "कळलं."

"आणि गप्प बसलास."

"बायको जाते माझी तिथे. आमची गेलेली पोरगी येते म्हणे तिला भेटायला." तो तिच्याकडे बघत नव्हता. "परवा बायको भांडी घासताना गाणं म्हणत होती बाई. मी जाऊन काय सांगू? मी येणार नाही तुमच्याबरोबर. माझं नावही घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी एर्सिलिया चौदा नंबरमध्ये गेली ती हातात मोठी काळी छत्री घेऊन. बाहेर लख्ख ऊन होतं. कुणीतरी त्यावरून हसलंही. मिकेलिना स्टुलावर बसली, खेळ सुरू झाला, टक् टक् करत चार-पाच गुण झाले, आणि एर्सिलिया भिंतीपासून निघून मधल्या वाटेत आली. तिने मिकेलिनाच्या पाठीमागे छत्री उघडली.

"छपराखाली छत्री उघडू नये गं," नुन्त्सियाता मावशी घाबरून म्हणाली. "अवदसा येते घरात."

पण कुणाचं लक्ष मावशीकडे नव्हतं. ठिपका उजवीकडे गेला आणि पट्टी भलतीकडेच होती. पुन्हा गेला, पुन्हा चुकला. पट्टी आंधळ्यासारखी वरखाली चाचपडत होती.

एर्सिलियाने छत्री मिटली. टक्. टक्. टक्. एकही ठिपका सुटला नाही.

तिने पुन्हा उघडली. सुटला.

"वाट सोडा, बाई," आमेदेओचा आवाज एकदम साधा झाला होता, बाजारातल्या माणसासारखा. मग त्याला रेशमी रुमाल आठवला. "छत्रीच्या लोखंडी काड्या, बायांनो. लहरी लोखंडाला अडतात. मूल घाबरतं."

"बरं," एर्सिलियाने छत्री खाली ठेवली आणि खांद्यावरची शाल दोन्ही हातांनी पसरून धरली. "ही लोकरीची आहे. माझ्या आईने विणलेली."

पट्टी पुन्हा चाचपडायला लागली. रोक्को काका, ज्यांचे दोन्ही नातू गेले होते, उठून उभे राहिले आणि स्टुलापासून मागच्या भिंतीकडे नजर नेत गेले, दोरी धरून मोजमाप घ्यावं तशी. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. त्यांना सांगावं लागलं नाही.

"स्वर्गातून बघणाऱ्याला माझी शाल कशी आडवी येते?" एर्सिलियाने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती वाटेने सरळ मागे गेली आणि काळं कापड धरून ओढलं.

फळीत मुठीएवढं भोक होतं. भोकामागे एक डोळा.

आमेदेओ मध्ये पडायच्या आत रोक्को काकांनी खोलीच्या दाराची कडी कुलपासकट उचकटली. आत पिंपावर एक बाई बसली होती. पन्नाशीची, गुडघ्यांवर घोंगडी, पायांत पुरुषी मोजे, कारण खोलीत शेगडी नव्हती. हातात बटण होतं. वायर जमिनीच्या फटीतून आली होती. ती पळाली नाही. ती बटण तेवढं घोंगडीखाली लपवायला बघत होती, आणि कुणीतरी बाहेर टीव्हीकडे बघून ओरडलं, कारण पट्टी तिच्या हाताबरोबर हलत होती.

मिकेलिना स्टुलावरून उठली. लोक बाजूला झाले. ती त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने तिचा हात घोंगडीखालून बाहेर काढला, उलटा केला, बोटं पाहिली.

"तू होतीस?"

"होय."

"रोज?"

"होय, बाई."

"मला जिंकू दिलंस, ते?"

त्या बाईने आमेदेओकडे, आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली. "तुम्ही फार रडत होतात," ती म्हणाली. "मला बघवेना."

मिकेलिनाने तिचा हात हळूच परत घोंगडीवर ठेवला.

"आणि कोर्टाचं?" एर्सिलियाने विचारलं.

"योलांदा, गप्प बस," आमेदेओ म्हणाला.

"तो प्रश्न आमचा नव्हता," योलांदा म्हणाली. "आम्ही नुसते भेटवतो. गळ्यातली साखळी, कानातलं, देतील ते घेतो. कोर्टाचे प्रश्न मात्तारेसेसाहेबांच्या माणसाने लिहून दिले. ही बराकही त्यानेच मिळवून दिली."

मग जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. कुणी आमेदेओच्या अंगावर गेलं नाही. नुन्त्सियाता मावशी वळली ती एर्सिलियाकडे. "झालं समाधान? आमची पोरं दुसऱ्यांदा मारलीस. तुझ्या पोटचं कोण गेलं होतं गं त्या रात्री?"

"एकोणीस मुलांचा वर्ग होता माझा," एर्सिलिया म्हणाली. "सात गेली. हजेरी घेताना अजून त्यांच्या नावांपाशी थांबते मी."

मावशी परत भिंतीशी जाऊन बसली.

"तुमच्या प्रार्थनेला मी कधी हसले नाही, हसणारही नाही," एर्सिलिया बोलत राहिली, वर्गात बोलायची तशीच, आवाज न चढवता. "फोटोशी बोला, मीही बोलते. पण फोटो उत्तर द्यायला लागला, की आधी उठून शेजारची खोली उघडायला लावा. उघडू देत नसतील तर घरी जा. शिकलेलं असावं लागत नाही त्यासाठी. काकांना एका नजरेत कळलं. आपलं दुःख ज्याला कळतं, तो ते आपल्याविरुद्ध वापरूही शकतो, एवढं लक्षात ठेवा. इमारत वाळूने पडली. ती वाळू कुणी घातली हे विचारायचं आपल्याला सुचू नये, म्हणून हा खेळ मांडला होता."

कुणी मान डोलावली नाही. एकेक जण आपापला फोटो उचलून बाहेर पडलं. कानियोची बायको सगळ्यांत शेवटी उठली.

पोलिसांनी आमेदेओला दोन तास बसवून घेतलं आणि सोडून दिलं, कारण तक्रार द्यायला एकही माणूस गेलं नाही. साखळ्या गेल्या त्या गेल्या. त्याची गाडी घाटातून उतरताना शाळेच्या खिडकीतून दिसली. तो आता दुसऱ्या कुठल्या तरी बराकींत जाणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. भूकंपाने गावं पुष्कळ पाडली होती.

चौघींपैकी दोघींनी पुन्हा सही केली. दोघी म्हणाल्या, नको आता. कानियोने एर्सिलियाला रस्त्यात पाहिलं की तो समोरच्या बाजूला जाई.

मिकेलिना आली ती सहाव्या दिवशी, शाळा सुटल्यावर. तिने अजून सही मागे घेतलेली नव्हती, पण तक्रारीसोबत आईचा स्वतंत्र जबाब लागणार होता आणि तिचा दिलेला नव्हता. ती वर्गातल्या बाकावर बसली. बाक लहान होतं, तिचे गुडघे वर येत होते.

"लिहा," ती म्हणाली. "मी सांगते."

एर्सिलियाने लिहून घेतलं. मुलाचं नाव, वय, कितवा मजला, तो त्या वेळी काय करत होता. मिकेलिनाचा आवाज एकदाही हलला नाही. शेवटी तिने सही केली, पेन खाली ठेवलं.

"ताई, हे मला महिन्याभराने कळलं असतं तर काय बिघडत होतं?"

"सुनावणी दोन आठवड्यांवर आहे मिकेलिना."

"ते माहीत आहे मला." ती उठली. "तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. कुणी विचारलं तर मी तसंच सांगेन. पण थोडे दिवस घरी येऊ नका."

एर्सिलियाने मान हलवली. मिकेलिना गेल्यावर तिने जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचला, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दुरुस्त केली, आणि कागद इतर आठ जबाबांवर ठेवला.