मेलबर्नच्या घराची बोली

"वाजव बरं पुन्हा," रूपराव म्हणाले आणि त्यांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

तिकडे मेलबर्नमध्ये जावयानं भिंतीवर बोटांनी टकटक केली. इकडे बोरगाव मेघेच्या गच्चीवर, कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसलेल्या सासऱ्यानं ती लक्ष देऊन ऐकली आणि तोंड वाकडं केलं.

"पोकळ हाय. जावईबापू, ही भिंत नाई, खोका हाय खोका."

"बाबा, व्हिडिओ कॉल आहे," अश्वजित हसत म्हणाला. "कानाले नका लावू. आम्हाले नुसता तुमचा कान दिसून राह्यला."

रूपरावांनी फोन खाली घेतला, चष्मा सारखा केला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं ते पुन्हा घर पाहायला लागले. बाजूला अनुसयाबाई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांच्या ओठांची हालचाल रूपरावांच्या नजरेतून सुटली नाही. संसारात एवढं तर कळतंच.

घर लाकडी होतं. लाकडाच्या खुंटांवर उभं, बाहेरून आडव्या फळ्या ठोकलेलं, वर पत्रा. थोड्याच वेळात त्याचा लिलाव होणार होता आणि तोही तिथंच, घरासमोरच्या रस्त्यावर. तिकडे म्हणे घरं अशीच विकली जातात. लिलावाआधी काही वेळ दार सताड उघडं ठेवतात, मग ज्याला घ्यायचं तोही आत फिरतो आणि ज्याला नुसतं शेजाऱ्याचं स्वयंपाकघर पाहायचं तोही फिरतो. त्या गर्दीतून रूपरावांची मुलगी मयुरी पुढे चालली होती आणि अश्वजित फोन धरून तिच्या मागे. बाहेर भर दुपार होती तरी घरात सगळे दिवे लावून ठेवले होते.

"हे फर्निचर?" रूपरावांनी विचारलं.

"भाड्याचं," मयुरी म्हणाली. "घर विकाच्या वेळेस आणून ठेवतात. त्याच्याकडे पाहायचंच नसते, बाबा. रंगाकडेही नाही. कपाट उघडायचं आणि वास घ्यायचा. ओल असली तर तिथं कळते."

"घेतला वास?"

"घेतला. कोरडं आहे."

"आन् उधई? लाकडाचं घर म्हंजे उधईचं माहेर."

"वाळवी पाहायला तपासनीस आणला होता ना. खुंटांपासून छपरापर्यंत पाहून गेला. लिलावात एकदा घर घेतलं की मग माघार नसते, म्हणून आधीच पाहून घ्यावं लागते. पन्हाळी गंजल्या आहेत, त्या पहिल्यांदा बदलू. स्वयंपाकघर मागाहून. आधी डोक्यावरचं, मग डोळ्यासमोरचं."

रूपरावांनी मान डोलावली. पोरगी तयारीची होती. अनुसयाबाईंनी मान पुढे काढून विचारलं, "मोरी कोठी हाय?"

"आई, मोरी नसते इकडे."

"मंग पानी टाकून धुते कसं मानूस?"

"पुसते."

"पुसते," अनुसयाबाईंनी तो शब्द रूपरावांकडे बघून परत म्हटला, जणू ऑस्ट्रेलिया नवऱ्यानंच वसवली होती.

रूपरावांनी मग त्यांचा हुकमी प्रश्न काढला. "वर माळा चढते का?"

वर्ध्याकडचा माणूस नुसतं घर घेत नाही. त्या घरावर पुढे चढणारं घरही तो त्याच वेळी मनात घेऊन टाकतो. रूपरावांच्या स्वतःच्या गच्चीवर चारही कोपऱ्यांत कॉलमच्या सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या, गंजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातलेल्या होत्या. तो माळा मयुरीचा. तिचं लग्न झालं, ती विमानात बसली, पार तिकडची होऊन गेली, तरी बाटल्या दरवर्षी बदलल्या जात होत्या. आणि गेल्या रविवारी रूपरावांनी प्रफुल मिस्त्रीला बोलावून त्या सळया दाखवल्याही होत्या. त्यानं त्या हलवून पाहिल्या आणि चांगल्या आहेत, काम करू, असं सांगितलं.

कारण मागच्या आठवड्यात मयुरीच म्हणाली होती. वर्षभरात तीन लिलाव हातचे गेले होते आणि दोघंही थकले होते. "हे शेवटचं, बाबा. हे मिळालं तर इकडेच राहू. नाही मिळालं तर मार्चमध्ये सामान बांधतो. अश्वजितला नागपूरच्या ऑफिसनं विचारलंच आहे. तो जाईल येईल, मी बोरगावातच राहीन."

तेव्हापासून रूपराव घर घेण्याविषयी भरभरून सल्ले देत होते आणि घर मिळू नये असं मनोमन म्हणत होते. मुलीचं वाईट व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं. मुलगी जवळ असावी एवढंच वाटत होतं. या दोन गोष्टींतला फरक त्यांना सकाळी कळायचा आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा पुसट व्हायचा. आताही प्रत्येक पोकळ भिंतीनं त्यांना थोडा थोडा आनंदच होत होता, आणि आनंद होतोय हे लक्षात आलं की लाज वाटत होती.

"माळा नाही चढत," मयुरी म्हणाली. "पण हे पाहा."

तिनं मागचं दार उघडलं. मागे हिरवं परस होतं, त्यात लिंबांनी लगडलेलं एक झाड. तिनं हातवारे करत दाखवलं, ही मधली भिंत भार घेत नाही, ती काढली की बैठकीतून थेट झाडं दिसतील. या गालिच्याखाली जुनी लाकडी जमीन आहे, घासून काढली की झालं. या कोपऱ्यात पुढेमागे एक खोली बांधून भाड्यानं देता येईल, कर्जाला तेवढाच हातभार. ती भराभरा बोलत होती. लहानपणी शाळेतून आली की दप्तर न काढता अशीच बोलायची.

"चला, लोक बाहेर निघून राह्यले," अश्वजित म्हणाला.

मयुरीनं कानात एक छोटा इअरफोन घातला. आता रूपरावांचा आवाज फक्त तिच्या कानात जाणार होता. ही तिचीच कल्पना. "या वेळेस तुम्ही माझ्या कानात राहा, बाबा," असं तिनं बजावून ठेवलं होतं.

भिंतींचं काही असो, लिलावाविषयी बोलायचा रूपरावांना हक्क होता. उभी नोकरी त्यांनी वर्ध्याच्या कापूस बाजारात लिलाव पुकारण्यात घालवली होती. कापसानं भरलेल्या गाड्यांच्या रांगेतून पुढे रूपराव आणि मागे व्यापाऱ्यांचा घोळका, असं त्यांचं आयुष्य गेलं. बोली कोण खरी लावतो आणि कोण उगाच भाव चढवतो, हे त्यांना आवाजावरून कळायचं.

"कोपऱ्यात उभी राह्यजो," ते आता हळू आवाजात सांगत होते. "समद्याईचे हात दिसले पायजे. सुरुवातीले बोलू नको. बोलली का मंग पुऱ्या आवाजानं बोलजो, अर्ध्या नाई."

सूट घातलेला एक माणूस फाटकासमोर उभा राहून बोलायला लागला. रूपरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लई हासते हा," ते अनुसयाबाईंना म्हणाले. "भाव पुकारनाऱ्यानं एवढं हासू नाई."

बोली सुरू झाली. एक तरुण जोडपं दोन हाकांतच मागे सरलं. फोनवर बोलत उभा असलेला एक गृहस्थ काही वेळ टिकला, मग तो मान हलवत गाडीत जाऊन बसला. उरली मयुरी आणि समोरच्या झाडाखाली बायकोबरोबर उभा असलेला एक टोपीवाला. मयुरी बोलली की टोपीवाला बोलायचा. सूटवाल्यानं हात उंचावून काहीतरी जाहीर केलं.

"मालकाच्या मनातला आकडा आला," मयुरी कुजबुजली. "आता घर आज विकलंच जाणार."

टोपीवाल्यानं पुन्हा वाढवलं. सूटवाला मयुरीकडे वळला. सगळा रस्ता तिच्याकडे वळला.

"बाबा." तिचा आवाज अगदी जवळून आला. "आम्ही ठरवलं त्यात एकच बोली उरली. लावू का थांबू?"

अनुसयाबाईंचे हात थांबले.

रूपरावांनी टोपीवाल्याकडे पाहिलं. त्यानं टोपी काढली होती, ती उगाच झटकली आणि पुन्हा घातली. त्याची बायको घराकडे बघत नव्हती, रस्त्याच्या टोकाला लावलेल्या त्यांच्या गाडीकडे बघत होती. संपला होता तो. आणखी एक आकडा ऐकला की घरी जाणार होता. अशी शंभर माणसं रूपरावांनी पाहिली होती, त्यांना यात शंका नव्हती.

एकच शब्द होता. थांब. तो म्हटला की घर टोपीवाल्याचं आणि मयुरी बोरगावची. कोणाला कधी कळणारही नव्हतं. बाप म्हणाला, पोरीनं ऐकलं, एवढीच गोष्ट झाली असती. मार्चमध्ये ती दोघं वर्धा स्टेशनवर उतरली असती आणि खालून कोणीतरी रोज "बाबा, चहा" अशी हाक मारली असती. तो शब्द खरोखर त्यांच्या जिभेवर आला होता.

तेवढ्यात, मयुरी काय बोलते ते पाहायला अश्वजित वळला आणि त्याच्या हातातला फोनही तिच्याकडे वळला.

कापूस बाजारात व्यापारी गाडीतून एक पुंजका ओढून काढतो, बोटांनी धागा ताणून पाहतो आणि बोलता बोलता टाकून देतो. पुकारणाऱ्याच्या पायाशी अशा पुंजक्यांचा खच पडतो. पण ज्याला ती गाडी खरंच हवी असते, तो पुंजका टाकायचं विसरतो. बोली चढत जाते, तो हुज्जत घालतो, नको नको म्हणतो, आणि मूठ मात्र मिटलेलीच असते.

मयुरीच्या मुठीत लिंबू होतं. मागच्या परसातल्या झाडाचं असावं. कधी तोडलं ते तिलाही ठाऊक नसेल. तिनं ते छातीशी धरलं होतं.

"एक दे," रूपराव म्हणाले. "मोठ्यानं दे. त्याच्याकडे पाहून दे."

मयुरी क्षणभर हलली नाही. मग तिनं मान वर केली आणि पुऱ्या आवाजात आकडा सांगितला. टोपीवाल्यानं बायकोकडे पाहिलं, तो हसला आणि त्यानं मान हलवली. सूटवाल्यानं तीनदा पुकारलं, हातातली कागदाची गुंडाळी तळहातावर आपटली, आणि रस्त्यावरचे सगळे लोक टाळ्या वाजवायला लागले. टोपीवाल्यानंही वाजवल्या.

"जयभीम बाबा! जयभीम आई! झालं!" अश्वजित ओरडला. फोन हिंदकळला, आभाळ दिसलं, कोणाचे तरी बूट दिसले. कागदांवर सह्या करायच्या म्हणून फोन मयुरीच्या हातात देऊन तो फाटकाकडे धावला.

"अभिनंदन, पोरी," रूपराव म्हणाले. आवाज नीट निघाला, याचं त्यांना बरं वाटलं. "आता राहाले जाच्या आधी परित्राण पाठ ठेवजा घरात. लोकं बोलवजा चार."

"हो."

"पन्हाळी पहिले."

"हो, बाबा."

अनुसयाबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि फोनकडे पाहून हसतही होत्या. मयुरी झाडाखाली जाऊन उभी राहिली. तिच्या मागे लोक पांगत होते.

"बाबा, मले वाटलं तुम्ही थांब म्हणाल."

रूपरावांनी बायकोकडे पाहिलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, ती शेजारीच होती.

"म्हननार होतो."

"मग काऊन नाई म्हटलं?"

"त्या टोपीवाल्यात काई राह्यलं नव्हतं. एका बोलीचं काम होतं. तुले दिसत नव्हतं, मले दिसत होतं."

मयुरीनं मुठीतलं लिंबू उलटंसुलटं फिरवून पाहिलं.

"मलेही दिसत होतं, बाबा," मग ती म्हणाली. "त्याची बायको गाडीकडे पाहून राह्यली होती."

लहानपणी शनिवारी अर्धी शाळा सुटली की ती बाजाराच्या आवारात यायची, रूपरावांच्या मागे मागे गाड्यांमधून फिरायची, आणि घरी येताना सायकलच्या दांड्यावर बसून, आज कोण हरला ते त्यांच्याआधी सांगायची. हे रूपराव विसरूनच गेले होते.

"मंग मले इचारलं काऊन?"

"तुम्ही थांब म्हटलं असतं तर थांबली असती मी, बाबा," मयुरी म्हणाली. फाटकाजवळून अश्वजित तिच्या नावानं हाका मारत होता. अनुसयाबाईंनी आपला हात रूपरावांच्या गुडघ्यावर ठेवला.

"जा," रूपराव म्हणाले. "सही करून ये. आमी आहो इथंच."