दोन डाव्या बाह्या

चोर घरात शिरला की कुत्रं भुंकतं, शेजारी जागे होतात, निदान एखादं भांडं तरी पडतं. पण एक चोर असा आहे मंडळी, की त्याला घरातली माणसंच गोड आवाजात हाक मारून आत घेतात. त्याचं नाव 'जरा'. दोन अक्षरांचा, दिसायला गरीब. "जरा इकडे ये गं." "जरा बघतेस का?" "जरा हात लाव." तुमच्याकडे येतो की नाही? खोटं बोलू नका!

मास्तरांच्या घरी तर तो मुक्कामालाच होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा. हात असा की त्यांनी शिवलेला कोट चढवला की पोक काढून चालणारा माणूससुद्धा फौजदारासारखा ताठ चालू लागे. एका गिऱ्हाइकाला तर म्हणे कोट काढल्यावरही वाकता येईना, चपला घालायला बायकोला बोलवावं लागे. पण तोंड तिखट. कोणी "मास्तर, एवढं जरा सैल करा" म्हटलं की झालंच!

"जरा? अहो, जरा सैल म्हणजे आधी अस्तर उसवा, मग शिवण उसवा, मग पुन्हा पहिल्यापासून जुळवा! तुमचं जरा होतं आणि माझा दिवस जातो!"

आवाज असा चढायचा की समोरच्या न्हाव्याचा वस्तरा दचकायचा. त्यापायी गल्लीतले दोघेजण अर्धी मिशी घेऊन घरी गेले होते.

आणि हेच मास्तर पुढच्या श्वासाला पडद्याकडे तोंड करून ओरडायचे, "बेबी, जरा बटणांची काजं करून दे गं!"

बेबी त्यांची लेक. कॉलेजात गेली तरी बेबीच. पडद्याच्या आतल्या बाजूला, जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात ती सीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायची. समोर नावे-जमा, ताळेबंद, घसारा, आणि चहूकडून 'जरा'. आईचं, "बेबी, जरा दुधाकडे बघ." दादाचं, "बेबी, जरा इस्त्री मार ना शर्टाला." बेबी उठायची, करायची, परत येऊन बसायची. ताळेबंदाची एक बाजू कधी डोक्यात असायची, कधी दुधाबरोबर उतू गेलेली असायची.

निकाल लागला. बेबी नापास झाली.

"कितीने गेलं?" मास्तरांनी विचारलं.

"जराशाने," बेबी म्हणाली.

कोणाच्या काही लक्षात आलं नाही. फक्त आक्कांनी मान वर केली.

आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. घराच्या छपराचं काम निघालं म्हणून काही दिवस भावाकडे आलेली. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. "बोला, जोडून देते" करता करता एका कानाने एक आणि दुसऱ्या कानाने दुसरं ऐकायची सवय लागलेली. लोक म्हणत, आक्का असली की भिंतींना कान लागत नाहीत, त्यांना रजा मिळते.

"परीक्षेत झालं काय गं?" आक्कांनी विचारलं.

"काही नाही आत्या. हिशोबाचा पेपर चांगला चालला होता. मोठं गणित जुळत आलं होतं. तेवढ्यात पर्यवेक्षक बाई दारातल्या शिपायाला म्हणाल्या, 'जरा पाणी आणता का?'"

"मग?"

"मी उठले."

"म्हणजे?"

"म्हणजे पेन ठेवलं, उठले, बाहेर गेले आणि माठातून पेला भरून आणला. बाईंच्या हातात दिला तेव्हा मला कळलं मी कुठे आहे ते. अख्खा वर्ग हसत होता. परत बसले, पण गणित गेलं ते गेलंच."

घरात हशा पिकला! दादाने टेबलावर डोकं टेकवलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर तर इतके हसले की गळ्यातली मापाची टेप खाली पडली.

"म्हणजे परीक्षेलासुद्धा आमची बेबी पाणक्याचं काम करून आली!"

बेबीही हसली. हसली, आणि मग पुस्तकं गोळा करायला लागली.

"बरं, आता बास," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "झाली हौस. उद्यापासून दुकानात बस. बटणं, काजं, गिऱ्हाइकांची मापं. आकडे काय तिथेही असतात."

बेबीचा हात पुस्तकांवर थांबला. आक्का मात्र हसल्या नव्हत्या, त्या बोलल्या.

"हसलात ना सगळे? आता मी एक विचारू? दादाच्या परीक्षेच्या वेळी मी इथेच होते. तेव्हा घर कसं होतं रे मास्तर?"

कसं होतं! घराने मौनव्रत घेतलं होतं. शिलाई मशीन अंगणात नेलं होतं. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून आई तासभर उघड्या पातेल्यात भात शिजवत होती. मांजराला म्याँव करायचं असेल तर ते शेजारी जाऊन करून येई.

"ते वेगळं होतं आक्का. त्याची परीक्षा होती."

"आणि हिची काय होती, लपाछपी?"

"अगं, हिला कोणी अडवलंय का? दोन-दोन मिनिटांची कामं. त्याने काय अभ्यास बुडतो?"

"बुडत नाही म्हणतोस? बरं. मग उद्या एक दिवस मी तुझ्या दुकानात खुर्ची टाकून बसते. तुझ्या कामाला हात लावणार नाही. संध्याकाळी तू म्हणशील तसं. पोरीला दुकानात बसव, नाही तर गल्लीत बसव."

मास्तरांना काय, म्हातारीची करमणूक होईल. ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे बँकेच्या मोठ्या साहेबांचा कोट होता. कापड असं भारी की कात्री लावताना मास्तरांनी आधी हात धुतले. साहेब संध्याकाळी नेणार होते.

आक्का खुर्चीत बसल्या. मास्तरांनी कापडावर खडूची पहिली रेघ ओढली.

"अरे, जरा पंखा लाव."

मास्तरांनी पंखा लावला. परत येऊन रेघ शोधली.

"जरा कमी कर. सांधे धरतात."

थोरली बहीण! नाही म्हणायची सोय नाही. मग जरा सुईत दोरा ओवून दे. जरा हे पत्र वाचून दाखव, चष्मा सापडत नाही. जरा चष्मा शोध. तो डोक्यावरच होता. जरा बघ बाहेर कोण हाक मारतंय. कोणीच मारत नव्हतं. दुपारपर्यंत मास्तरांची अवस्था अशी झाली की त्यांनी एकदा तोंडातल्या टाचण्या पाणी समजून गिळायला घेतल्या होत्या, आणि एकदा साहेबांच्या कोटाऐवजी स्वतःच्या सदऱ्याला खिसा लावला. तो पाठीवर!

संध्याकाळी साहेब आले. कोट चढवला. डावा हात झकास गेला. उजवा गेला तो मात्र कोपरातून भलतीकडे वळला. साहेब आरशासमोर उभे राहिले. एक हात नमस्काराला पुढे, दुसरा पाठ खाजवायला मागे.

"मास्तर," साहेब फार शांतपणे म्हणाले, "मला दोन डावे हात आहेत असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

दोन्ही बाह्या डाव्या! मास्तरांच्या अख्ख्या कारकिर्दीत कधी असं झालं नव्हतं. समोरचा न्हावी वस्तरा टाकून बघायला आला. साहेब भले म्हणून "उद्या येतो" म्हणून गेले. पण ते वळताच मास्तर फुटले.

"आक्का! हे तुझ्यामुळे! दिवसभर जरा, जरा, जरा!"

"मी काय केलं? दोन-दोन मिनिटांची तर कामं."

"दोन मिनिटं तुझ्या कामाला लागतात गं! पण हातातलं एकदा सुटलं की आपण कुठे होतो ते शोधायला, पुन्हा डोक्यात आणायला, पुन्हा पहिल्यापासून जुळवायला..."

आणि मास्तर थांबले.

पडदा अर्धा सरकला होता. बेबी तिथेच उभी होती. हातात दादाचा शर्ट, गरम इस्त्री.

"बोल ना," आक्का हळूच म्हणाल्या. "पुढे बोल. चांगलं बोलत होतास."

मास्तर कोटाच्या त्या उलट्या बाहीकडे बघत राहिले.

"अरे, बाहेरगावचा ट्रंक कॉल तुटला की मी काय करायचे? पुन्हा नंबर लावायचा, पुन्हा ताटकळायचं, पुन्हा हॅलो हॅलो. तोवर पलीकडचा माणूस उठून गेलेला असायचा. पोरीचं डोकंही तसंच. तुम्ही तिला एक दिवस नाही, वर्षभर तोडलंत. इतकं तोडलंत की कोणी पाणी मागितलं तर परीक्षेतूनही पोर उठली! आणि तुम्ही हसलात. ही बाही तू उद्या उसवून नीट लावशील. तिचं वर्ष कशाने उसवशील?"

"पण मी कधी... मुद्दाम नाही गं आक्का."

"मुद्दाम कोण करतं? मुद्दाम केलं असतंस तर तुझ्यावर रागावता तरी आलं असतं. मुलगा पुस्तक उघडतो तेव्हा तो अभ्यास करतो. मुलगी पुस्तक उघडते तेव्हा ती रिकामी बसलेली असते. हे तुला कोणी शिकवलं नाही, मला कोणी शिकवलं नाही, तरी सगळ्यांना पाठ!"

काय लागलं ते मास्तरांना! टाचण्या लागतात तसं नाही, कात्री लागते तसं. ते उठले, पडदा बाजूला केला, बेबीच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि दादाच्या हातात दिली.

"बेबी, पुन्हा परीक्षेला बसायचं. आजपासून तुला कोणी हाक मारणार नाही."

आनंदाने उडी मारेल असं त्यांना वाटलं होतं. बेबी तिथेच उभी राहिली.

"आणि बाबा, आईला?"

"आईला काय?"

"माझे 'जरा' आता सगळे तिच्याकडे जाणार. आईला गरम चहा पिताना तुम्ही कधी पाहिलंय?"

आई दारात होती. तिने हातातल्या कपाकडे पाहिलं. चहावर साय धरली होती. "अगं, मला काय होतंय," ती म्हणाली आणि बोटाने साय बाजूला सारू लागली. मास्तरांना एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं, की आपल्या बायकोला चहा गरम आवडतो की गार हे आपल्याला माहीत नाही.

त्या दिवशी घरात कायदा झाला. जो 'जरा' म्हणेल त्याने ते काम स्वतः करायचं, आणि वर आईचं एक काम.

काय दिवस होते ते! सवय काही एका दिवसात जाते? मास्तर "ज..." म्हणायचे आणि बाकीचा शब्द गिळायचे. इतके गिळले की त्यांना उचकी लागली, ती आठवडाभर राहिली आणि तिच्या तालावर त्यांनी चार पायजमे शिवले. दादाने "थोडंसं बघतेस का" अशी पळवाट काढली. आक्का कडाडल्या, "थोडंसं म्हणजे जराचा मावसभाऊ! घाल घडी चादरींची!" पहिल्या इस्त्रीला दादाने कॉलर जाळली, पुढे असा तरबेज झाला की शेजारच्या बायका त्याच्या घड्या बघून नवऱ्यांकडे रोखून बघू लागल्या. शिलाई मशीन पुन्हा अंगणात गेलं. आक्कांनी एवढं केलं म्हणून आईने कुकरची शिट्टीच काढून फेकायला घेतली, तेव्हा बेबीच म्हणाली, "राहू दे गं आई, शिट्टीचं काही नाही. शिट्टी मला उठायला सांगत नाही."

आणि बेबी? पहिले काही दिवस ती आपोआप उठायची, कोणी न बोलावता. दूध बघायची, खाली बसायची. मग एकदा बसली ती दुपार कलेपर्यंत बसली. उठली तेव्हा तिने विचारलं, "जेवण झालं का सगळ्यांचं?" झालं होतं. तिचं ताट झाकून ठेवलेलं होतं. ताळेबंद पहिल्याच फटक्यात जुळला होता!

परीक्षेच्या दिवशी मास्तर फाटकाबाहेर उभे होते. इतर मुलं बाहेर आली, पांगली, तरी बेबीचा पत्ता नाही. मास्तरांचा जीव टांगणीला. शेवटी आली.

"अगं, इतका उशीर?"

"बाईंना माझ्या हातातून पेपर ओढून घ्यावा लागला बाबा. घंटा झाली म्हणे. मला ऐकूच आली नाही."

मास्तरांनी भर रस्त्यात टोपी हवेत उडवली. निकालाला अजून अवकाश होता, पण त्यांच्या दृष्टीने तो तिथेच लागला.

खरा लागला तेव्हा बेबी पास झाली होती. नुसती नाही, खणखणीत! गल्लीत बातमी पळाली. न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक घेऊन आला, बँकेचे साहेब आले, नीट बाह्यांचा कोट घालून. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळ्यांचा एकच घोष, "बेबी कुठाय? बोलवा तिला! तोंड तर बघू दे!"

मास्तर पडद्यासमोर उभे राहिले. दोन्ही हात पसरून, एखाद्या किल्ल्याच्या दरवाजासारखे.

"ती अभ्यासाला बसली आहे."

"आजसुद्धा?" साहेब थक्क झाले. "अहो मास्तर, पास झाली ना ती!"

"प्रवेश मिळालाय साहेब. सीए व्हायला अजून डोंगर चढायचाय. पहिलं पुस्तक आजच उघडलंय तिने. वाचून झालं की ती स्वतःहून येईल. तोवर बसा सगळे. चहा मी करतो." आणि आत वळून बायकोला म्हणाले, "तू बस गं. पहिला कप तुझा."

तर मंडळी, घरातल्या मुलीसमोर पुस्तक उघडं दिसलं की ती रिकामी बसली आहे असं समजू नका. तिचा वेळ म्हणजे रस्त्यावरची पाणपोई नव्हे, येईल त्याने ओंजळ धरावी! मुलींना शिकू देतो म्हणून आपण मोठेपणा मिरवतो. पण नुसतं शिकू देऊन भागत नाही, सलग शिकू द्यावं लागतं. तुमच्या दोन मिनिटांनी कोणाची तरी अख्खी शिवण उसवते. तेव्हा हाक मारण्याआधी स्वतः उठा. पाय कशाला दिलेत?

त्या संध्याकाळी मास्तरांनी केलेला चहा भलताच कडू झाला होता, पण अख्ख्या गल्लीने तो संपवला. बेबीच्या आईने तर दोन कप घेतले, वाफा निघत असताना, बसून, शेवटच्या घोटापर्यंत.