दिव्याखाली सातभाई

दगडमंडळाचा मेळावा तीन आठवड्यांवर आला तसं ताईंचं कामात लक्ष लागेना. खरं तर त्या मंडळाच्या सभासदही नव्हत्या. त्यांचं काम कवळ्या बनवण्याचं. शहरातल्या अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांचं हसू ताईंच्या टेबलावर तयार झालेलं होतं, आणि ते इतकं बेमालूम की मांडीवर खेळणाऱ्या नातवंडांनाही पत्ता लागत नसे. पण वडील मंडळाचे अध्यक्ष आणि नवरा मंडळाचा चिटणीस. दोन्हीकडून असं दगडांनी घेरल्यावर सुटका कुठली?

मंडळ म्हणजे पंचवीस-तीस माणसं, आणि दगड म्हणजे रस्त्यावरचे नव्हेत. खाणीत, विहिरीच्या खोदकामात, बोगदे फोडताना सापडलेले स्फटिक आणि खनिजं. वर्षातून एकदा, रविवारी दुपारी, सगळे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमायचे. प्रत्येकाने आपल्या संग्रहातला सर्वांत आवडता असा एकच नमुना आणायचा, टेबलावर मांडायचा आणि तोच का आवडता ते पाच मिनिटांत सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्यांच्या घरी पलंगाखालीसुद्धा दगड आहेत त्यांची महिनाभर आधीपासून झोप उडायची. बँकेत काम करणाऱ्या एका सभासदाने तर एकदा वाचनालयाच्या जिन्यात विचार बदलला आणि दुसरा दगड आणायला घरी गेला. तिथे त्याने पुन्हा विचार बदलला. तो परत आला तेव्हा झाडूवाला खुर्च्या आवरत होता.

अध्यक्ष म्हणजे ताईंचे बाबा. चाळीस वर्षं दगडाच्या खाणीत मुकादम होते, म्हणून वय चौऱ्यांशी झालं तरी सगळे त्यांना मुकादमच म्हणत. त्यांचा एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. जोडलेला दगड टेबलावर चढणार नाही. निसर्गाने दिला तसा दाखवा, मोडला असेल तर मोडका दाखवा, पण डिंक लावून साळसूदपणे मिरवायचं नाही. एका वकिलाचा नमुना त्यांनी भिंगातून पाहिला आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातात परत ठेवला. वकील पुढची दोन वर्षं मंडळाकडे फिरकला नाही.

आणि ताईंच्या घरातला सातभाई जोडलेला होता. जोडला होता खुद्द ताईंनी.

सातभाई हा स्फटिकांचा घोस. एकाच बुडातून वर आलेले काचेसारखे स्वच्छ सात सुळके, एकमेकांना खेटून उभे. मुकादमांना आयुष्यात सापडलेला सगळ्यात देखणा दगड तोच, आणि ताईंच्या लग्नात तो त्यांनी जावयाला दिला. जावई चष्म्याच्या दुकानाचे मालक. गावभर त्यांना चष्मेवाले म्हणत. दगडांचं वेड त्यांना आधीपासून होतंच. सासऱ्यांनी असा हिरा पदरात टाकल्यावर ते पार वाहून गेले. आज त्यांच्याकडे चारशे सत्तर नमुने होते, आणि जेवणाच्या टेबलावर ताटाला जागा उरली तर तो त्या दिवशीचा योगायोग.

अकरा वर्षांपूर्वी कपाट पुसताना ताईंचं फडकं सातभाईत अडकलं आणि मधला भाऊ बुडाशी मोडून हातात आला. त्यांची पाचावर धारण बसली. पण हात कसबी होता. तो तुकडा त्यांनी आपल्या कामाच्या टेबलावर नेला, कवळीचा दात बसवतात तसा भिंगाखाली बसवला, कडा घासल्या, सुकू दिला. संध्याकाळी चष्मेवाले घरी आले, कपाटाकडे पाहिलं आणि चहा मिळेल का म्हणून विचारलं. विषय तिथेच संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला. ताई मात्र त्या दिवसापासून ते कपाटाजवळ गेले की श्वास रोखून धरायच्या.

एक बरं होतं. चष्मेवाले सातभाईला कधी हात लावत नसत. बाकीचे चारशे एकोणसत्तर दगड ते उचलायचे, हुंगायचे, प्रसंगी जिभेवर टेकवून खारट लागतो का बघायचे. सातभाई मात्र वरच्या फळीवर, काचेमागे. चोवीस वर्षांत त्यांनी तो एकदाही मेळाव्याला नेला नव्हता. सासऱ्यांच्या भेटीबद्दल यांना केवढा आदर, असं ताईंना वाटायचं, आणि त्या आदरापायी त्यांना जास्तच लाज वाटायची.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. अध्यक्षपदाचं हे आपलं शेवटचं वर्ष, असं मुकादमांनी जाहीर केलं, आणि जावयाला सांगितलं की या वर्षी मला टेबलावर सातभाई बघायचा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मंडळाने एक दिवा आणला. त्या दिव्याचा जांभळट प्रकाश अंधारात दगडावर टाकला की डिंक चमकतो. कितीही सफाईने लावलेला असो, लपत नाही. या वर्षीपासून प्रत्येक नमुना आधी त्या दिव्याखाली जाणार होता. तशी नोटीस चिटणीस या नात्याने चष्मेवाल्यांनीच टाइप केली आणि सकाळच्या चहाला मोठ्याने वाचून दाखवली. ताईंचा चहा कपातच निवला.

त्या दिवसापासून ताईंना अचानक दगड आवडायला लागले. तोवर दगडांबद्दल त्यांनी नवऱ्याला विचारलेला एकमेव प्रश्न म्हणजे हे इथून कधी उचलणार. आता त्या हिरव्या फ्लोराइटसमोर उभ्या राहून म्हणाल्या की याच्यासारखा रंग कुठे बघायला मिळायचा नाही, या वर्षी हाच न्यावा. नवऱ्याला संशय यायला हवा होता. पण चष्मेवाले लगेच म्हणाले, अगदी माझ्या मनातलं बोललीस. दुसऱ्या दिवशी ताईंनी पायराइटच्या पिवळ्याधमक ठोकळ्याची तारीफ केली, तर तोही त्यांना एकदम पटला. एरवी हा माणूस दोन दगडांत निवड करताना आठवडाभर अन्नपाणी विसरायचा. पण ताईंनी फार खोलात जायचं टाळलं. जीव भांड्यात पडलेला असताना कशाला उगाच भांडं हलवा?

चष्मेवाल्यांनी लगोलग सासऱ्यांना फोन लावला आणि फ्लोराइट आणतोय म्हणून सांगितलं. पलीकडून मुकादमांनी एकच शब्द उच्चारला, तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. सातभाई. चष्मेवाल्यांनी फोन ठेवला, चष्मा काढला आणि स्वच्छ काचा पुन्हा पुसत बसले.

शनिवारी दोघं मिळून सातभाईचं खोकं भरायला बसले. चष्मेवाले नमुन्याला बोटांच्या टोकांनी असे धरत होते की जणू तो गरम आहे. ताईंनी मनाशी ठरवलं, आता सोक्षमोक्ष लावून टाकू. उद्या बाबांसमोर आणि सगळ्या मंडळासमोर यांची मान खाली जाण्यापेक्षा आज घरात आपण बोलणी खाल्लेली बरी.

"अहो, एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या.

"मलाही," चष्मेवाले म्हणाले.

मग दोघंही दुसऱ्याने आधी बोलावं म्हणून थांबले. शेवटी चष्मेवाले म्हणाले की कापूस कमी पडेल असं वाटतंय. ताई म्हणाल्या, हो, मी तेच म्हणणार होते. आणि घरात ढीगभर कापूस असताना त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणखी एक पुडकं घेऊन आल्या. येताना सगळा रस्ता त्या स्वतःवर चिडत होत्या.

मेळाव्याला हॉल गच्च भरला होता. दिव्याचं आकर्षण मोठं होतं. दिवा चालवण्याचं काम केमिस्ट्रीच्या निवृत्त बाईंकडे होतं, आणि वर्गात प्रयोग दाखवताना असायचा तोच दरारा त्यांनी इथेही आणला होता. पडदे ओढले गेले, दारापाशी चादर लावली. बँकेतल्या सभासदाचा कॅल्साइट दिव्याखाली निखाऱ्यासारखा पेटला तेव्हा टाळ्या पडल्या. तो स्वतःच इतका खूश झाला की पाच मिनिटांच्या भाषणाचं त्याला भानच राहिलं नाही. वकिलाने एक काळाकुट्ट ठोकळा आणला होता. तो दिव्याखालीही काळाकुट्टच राहिला, आणि वकिलाने विजयी मुद्रेने मुकादमांकडे पाहिलं. मुकादम पहिल्या रांगेत काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांचं कशातच लक्ष नव्हतं.

मग सातभाईची पाळी आली. चष्मेवाल्यांनी तो टेबलावर ठेवला आणि ते एक पाऊल मागे सरले. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाईंनी बटण दाबलं.

सातही सुळके अंधारात जवळजवळ दिसेनासे झाले. आणि मधल्याच्या बुडाशी दुधी रंगाची एक बारीक रेघ उजळली. ताईंनी डोळे मिटून घेतले. आता लोक कुजबुजतील, मग बाबांची खुर्ची सरकेल, मग यांच्या हातात दगड परत येईल, असं सगळं त्यांना मिटल्या डोळ्यांनी दिसलं. कुजबुज झालीही. पण पाठोपाठ बाईंचा आवाज आला. बाई मोजत होत्या.

"एक, दोन, तीन."

ताईंनी डोळे उघडले. मधली दुधी रेघ त्यांची होती, स्वतःचं काम त्या कुठेही ओळखत्या. पण सगळ्यात उंच सुळक्याभोवती एक निळी रेघ होती, आणि कडेच्या सगळ्यात छोट्याभोवती एक पिवळी, जरा ओबडधोबड.

मग अंधारात काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

"धाकटा माझा," मुकादम म्हणाले. "बाकीचे दोन कोणाचे?"

मागे कोणाला तरी हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. नापास झालेला मुलगा निकाल सांगतो तशा आवाजात ते म्हणाले, "थोरला माझा." लग्नानंतर महिन्याभरातच सातभाईसाठी लाकडी बैठक करताना तो हातून पडला होता, आणि दुकानातल्या काचा चिकटवायच्या डिंकाने त्यांनी तो बसवला होता. सासऱ्यांनी विश्वासाने दिलेली वस्तू महिनाभरही टिकवता आली नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? तेव्हापासून त्याला हात लावायची हिंमत झाली नव्हती.

"आणि मधला माझा," ताई म्हणाल्या. अकरा वर्षं घशात अडकलेलं ते वाक्य इतकं छोटं निघालं याचं त्यांनाच नवल वाटलं.

बाईंनी पडदे उघडायला लावले. मग मुकादमांनी जावयाला जवळ बोलावलं. दिव्याचा आग्रह आपलाच होता, असं त्यांनी सांगितलं. लोकांना डिंकावरून बोल लावता लावता स्वतःचा डिंक त्यांना डाचत होता. तोंडाने सांगवत नव्हतं, म्हणून दिव्याकडून सांगून घ्यायचं ठरवलं होतं.

"दर वर्षी तुम्ही दुसराच दगड आणायचात," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुम्हाला माझा जोड सापडलाय आणि तुम्ही माझी अब्रू राखताय."

"मी माझीच राखत होतो," चष्मेवाले म्हणाले.

यावर जो हशा उठला तो खालच्या वाचनालयात ऐकू गेला. शांतता राखा असं सांगायला ग्रंथपाल वर आले, त्यांना सगळी हकिगत सांगावी लागली, आणि मग तेही हसत तिथेच एका खुर्चीवर बसले. सगळ्यात जास्त हसला तो वकील. त्याचा तेवढा हक्कच होता. मुकादम त्याच्याकडे वळून म्हणाले की चुकलं माझं, आणि वकिलाला हसू आवरेना म्हणून त्याने नुसताच हात हलवला.

केमिस्ट्रीच्या बाईंना मात्र नियमाचं काय ते हवं होतं. दगड टेबलावर राहणार की उतरणार? मुकादमांनी थोडा विचार केला. राहील, ते म्हणाले, पण नमुन्याशेजारच्या चिठ्ठीवर जसं नाव आणि सापडल्याची जागा लिहितो, तसंच कोणी जोडला आणि कधी तुटला तेही लिहायचं. यापुढे सगळ्यांना हाच नियम. मग त्यांनी भिंग मागवलं आणि मधला भाऊ बराच वेळ निरखला. एवढा सफाईदार जोड आपण कुठे पाहिला नाही, असं ते बाईंना म्हणाले. ताई ऐकत होत्या. लेकीचं कौतुक करायचं तर ते शेजारच्या माणसाकडे करायचं, ही त्यांची जुनी रीत.

ताईंचं अक्षर बारीक, म्हणून चिठ्ठी लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. मधला, लेकीने जोडला, त्यापुढे अकरा वर्षांपूर्वीचं साल. थोरला, जावयाने जोडला, त्यापुढे लग्नाचं साल. धाकटा, मुकादमांनी जोडला.

"कधी तुटला, बाबा?"

मुकादमांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी," ते म्हणाले. "खोक्यात भरत होतो. चाळीस वर्षं सुरुंग लावले, हात कधी थरथरला नाही. त्या दिवशी थरथरत होता."

ताईंच्या लग्नात सगळे रडले होते, बाबा सोडून. निरोपाच्या वेळी ते गाडीच्या मागे उभे राहून त्या खोक्याच्या दोऱ्या तपासत होते आणि त्यांनी मान वर केली नव्हती. बाबांना आपल्यापेक्षा दगडाची काळजी जास्त, असं चोवीस वर्षं ताईंनी मनात धरून ठेवलं होतं. नवऱ्याला हे त्या कधी बोलल्या नव्हत्या, आईलाही नाही. आता त्या लिहायला वाकल्या तर चिठ्ठीवरची अक्षरं पुसट दिसायला लागली आणि पेन पुढे सरकेना.

चष्मेवाल्यांनी त्यांच्या हातातून पेन घेतलं. लग्नाची तारीख त्यांना पाठ होती. त्यातून एक दिवस वजा केला आणि त्यांनी चिठ्ठी पुरी केली.