वरची गॅलरी

आमच्या ह्यांना यंदा अभियंता दिनाला भाषणाला बोलावलं होतं. विषय होता अभियंत्याची सामाजिक जबाबदारी. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. "इमारत सिमेंटवर नाही, सचोटीवर उभी राहते," असं हे म्हणाले आणि पहिल्या रांगेतले सगळे बिल्डर माना डोलवायला लागले. मी मागं बसून चहा कधी येतो ते बघत होते. ह्यांच्याशी इतकी वर्षं संसार केलाय, मला सचोटीचाही भाव माहीत आहे आणि सिमेंटचाही.

आमच्या घरात सचोटी डायनिंग टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असते, शिक्क्याच्या डबीशेजारी. आमचे हे, म्हणजे श्रीधरराव, स्ट्रक्चरल इंजिनियर. शाळा असो, दवाखाना असो, मंगल कार्यालय असो, इमारत मजबूत आहे असं इंजिनियरनं लिहून द्यावं लागतं. म्हणजे त्यानं तिथं जायचं, खांब बघायचे, तुळया बघायच्या आणि मग सही करायची. हे झालं पुस्तकातलं. आमच्या पुंडलिकनगरात सकाळी एजंट फायली घेऊन येतो, हे एका हातानं पोह्यांवर लिंबू पिळतात आणि दुसऱ्या हातानं सही ठोकतात.

"अहो, एकदा बघून तरी या!" मी म्हणायचे.

"अगं, ड्रॉइंग बघितलं की सगळं कळतं."

कळत असेल बाई. फोटो बघून स्थळ पसंत करणारेही हेच म्हणतात.

तर आमच्या चारुताचं लग्न ठरलं. बीड बायपासचं एक मोठं मंगल कार्यालय धरलं, तारीख पक्की केली. मालक राजेंद्र, ह्यांच्या ओळखीचा. आम्ही जागा बघायला गेलो तर दारातच हात जोडून म्हणतो, "साहेब, तुमच्याच सहीवर तर चाललंय सगळं!" ह्यांची छाती फुगली. मग राजेंद्रनं वरची गॅलरी दाखवली. हॉलच्या तिन्ही बाजूंनी, ऐसपैस, आणि खाली आधाराला एकही खांब नाही. म्हणे, "स्टेज दिसायला पाहिजे ना साहेब, खांब मध्ये येतो."

हे वर गेले. पाय आपटून बघितला. भिंतीशी जिथं गॅलरी जोडली होती तिथं वाकले, खिशातलं पेन काढलं आणि ते पेन भेगेत निम्मं आत गेलं. खाली उतरले तेव्हा चेहरा पांढराफटक.

गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "आपण दुसरं कार्यालय बघू."

"का हो?"

"पार्किंग कमी आहे."

तिथं सर्कस उतरली असती तरी जागा उरली असती. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. घरी आल्यावर धोशाच लावला, तेव्हा कुठं तोंड उघडलं. "ती गॅलरी पडणार, कालिंदी. माणसं एका बाजूला गोळा झाली की संपलं. ड्रॉइंगमध्ये खांब होते गं. त्यानं बांधलेच नाहीत."

"मग सही मागं घ्या."

"मागं घेतली तर विचारतील, दिली कशी? लायसन जाईल माझं. पोरीचं लग्न तोंडावर आलंय. आणि मी राजेंद्रला सांगितलंय ना, वर कुणाला पाठवू नको. हो म्हणालाय तो."

राजेंद्र हो म्हणाला! झालं, मिटलं! मला असा संताप आला की दुसऱ्या दिवसापासून मी पेपर ह्यांच्यापुढं आपटायचे आणि विचारायचे, "बघा, पडली का गॅलरी?" हे पेपर तोंडासमोर धरायचे. चारुतासाठी सिडकोत दुसरा हॉल मिळाला, सासरच्यांनाही पार्किंगचंच सांगितलं. बाप किती बारीक विचार करतो म्हणून व्याह्यांनी कौतुक केलं.

आणि मग एका संध्याकाळी कमरोद्दीनभाई आणि जैतुनभाभी आले, मिठाईचा पुडा घेऊन. मुकुंदवाडी स्टेशनजवळ त्यांचं गाद्या-पडद्यांचं दुकान आहे. आमच्या घरातला एकूण एक पडदा त्यांनी शिवलाय. दोघांचे चेहरे नुसते फुललेले.

"साहेब, लई उपकार झाले तुमचे!" कमरोद्दीनभाई म्हणाले. "मुबश्शिराचा निकाह ठरला, पन हॉल कुठंच मिळंना. तुम्ही बायपासवाल्याची तारीख सोडली, ती आम्हाला भेटली!"

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मिठाईकडं बघितलं.

"वा, वा," हे म्हणाले. "पण भाई, तो हॉल जरा... जुना झालाय."

"जुना? काय बोलता साहेब! राजेंद्रशेठनं तुमचं सर्टिफिकेट फ्रेम करून काउंटरच्या मागं लावलंय. तेच बघून मी हो म्हनलो. आपल्या साहेबांची सही हाय, अजून काय बघायचं?"

जैतुनभाभींनी माझा हात धरला. "भाभी, तुम्ही लवकर यायचं बरं का. मर्द लोक खाली बसतील. आपली बायकांची सगळी सोय वरच्या गॅलरीत केलीय. पडदा बी राहतो आणि स्टेज बी दिसतं. दुल्हन पण वरच बसणार, सगळ्या बायका तिच्याभोवती."

सगळ्या बायका, एका बाजूला, मुबश्शिराभोवती. ही पोर लहानपणी आमच्या चारुताबरोबर याच सोफ्यावर उड्या मारायची.

"बायका खालीच बसवा," हे म्हणाले.

"का साहेब?"

"वर... वर गरम होतं फार."

"हात्तिच्या! मग कूलर लावू की वर! मोठे, लोखंडी. पान्यानं भरून ठेवतो सकाळपासून!"

"कूलर नको!" हे एवढ्या जोरात ओरडले की स्वयंपाकघरातून चारुता धावत आली.

कमरोद्दीनभाई हसले. त्यांना वाटलं, साहेब गंमत करतायत. जैतुनभाभी हसल्या नाहीत. त्या ह्यांच्याकडं बघत राहिल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुम्ही तारीख का सोडली?"

"पार्किंग..." ह्यांनी सुरू केलं.

"खबरदार!" मी म्हणाले. "परत पार्किंगचं नाव काढलंत तर बघा. तुम्ही सांगताय की मी सांगू?"

हे खाली बघत बोलले. "गॅलरी कच्ची आहे. खाली खांबच नाहीत. पडू शकते."

"पन तुमची सही हाय ना तिथं?" कमरोद्दीनभाईंना कळेचना. "फ्रेममध्ये हाय. मी वाचली."

"सही केली तेव्हा मी बघितलं नव्हतं, भाई."

जैतुनभाभींनी हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला. "आणि चारुताच्या वेळी बघितलं," त्या म्हणाल्या.

चारुता दारात उभी होती. तिनं बापाकडं असं बघितलं की मला तिच्याकडं बघवेना. ह्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला.

कमरोद्दीनभाई उठले. आवाज चढवला नाही त्यांनी, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. "आमचं होईल कुठंतरी," ते म्हणाले. "मशिदीत करू, घरी करू. पन परवा तिथं कुनाचं तरी लग्न हाय, साहेब. मंडप लागताना बघून आलोय मी. त्यांना कोन सांगनार?"

"उद्या सकाळी महापालिकेत अर्ज..." हे पुटपुटले आणि माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलेन, सांभाळून घेईन, असं वाटलं असणार. लग्न झाल्यापासून हेच तर केलं मी.

मी दारात गेले, ह्यांच्या चपला उचलल्या आणि आणून पायापाशी ठेवल्या.