डायरेक्टची वायर

सैफुद्दीनभाईंनी बोटातली चांदीची अंगठी काढून शर्टाच्या खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं आणि मगच गाडीचं सीट उचललं.

“अंगठी काहून काढता भाई?” जगदेवने विचारलं.

“बॅटरीच्या दोन टोकांत अडकली तं बोट भाजून निघते.”

“मागच्या खेपेले तं नव्हती काढली.”

मागच्या खेपेला सैफुद्दीनभाईंनी बरंच काही केलं नव्हतं.

किन्हीराजाला जगदेवची रोपवाटिका आहे. लिंबाची, डाळिंबाची रोपं वाफ्यांवरून फाटकापर्यंत वाहायला त्याने नागपूरच्या एका हॉटेलातली जुनी पेट्रोलची गाडी लिलावात उचलली होती. चार बुटकी चाकं, पुढे दोघांपुरतं सीट, मागे रोपं ठेवायला हौदा. चावी फिरवून पेडल दाबलं की इंजिन सुरू होऊन गाडी चालू लागायची, पाय काढला की गप्प. गावाने आधी हसून घेतलं. मग रोपवाटिकेत कामाला असलेली सोजरबाई त्या सीटवर बसली आणि हसणं थांबलं. लहानपणापासून तिचा डावा पाय वाळलेला, हातात कायम बाभळीची जड काठी. वाफ्यात बाकीच्या बाया तिच्या पुढे निघून जायच्या. गाडीवर मात्र तिला कोणी गाठू शकत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ऐन मृगात चावीचा स्विच गंजून बसला. जगदेव म्हणाला, डायरेक्ट करून द्या, सीझन निघू द्या. आपल्याकडे डायरेक्ट हे सगळ्या रोगांवरचं औषध आहे. मोटार चालत नाही, डायरेक्ट करा. पंख्याचं बटण तुटलं, डायरेक्ट करा. सैफुद्दीनभाईंनी दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळली. दहा मिनिटांचं काम, आणि गाडी चावीवाचून नुसत्या पेडलवर निघू लागली. सीझन गेला, दुसरा आला, टेप तिथेच राहिली.

यंदा पोळ्याच्या आठवड्यात सोजरबाई गाडी लावून उतरली आणि पुढच्या पाण्याच्या टाकीजवळचे ट्रे उचलायला वाकली. सीटला टेकवलेली काठी घसरली ती पेडलवर पडून अडकली. चावीच नव्हती, तेव्हा गाडीला थांबवणारं कोणी नव्हतं. गाडी सुरू झाली, तिने सोजरबाईला टाकीवर दाबलं आणि चांगल्या पायाची नळी मोडली.

बाईचं ध्यान नव्हतं, असं सगळे म्हणाले. सोजरबाईसुद्धा तेच म्हणत होती. तीन महिन्यांनी ती परत आली तर गाडी भंगारात द्यायची ठरलेली, आणि गाडी गेली की तिचंही काम गेलं. हे कानावर आलं त्या दुपारी सैफुद्दीनभाईंनी ताट बाजूला सारलं. आज जऊळक्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान बंद ठेवून ते न बोलावता आले होते.

त्यांनी मागची चाकं ठोकळ्यांवर उचलून अधांतरी केली. पेट्रोलचा कॉक बंद केला, प्लगची टोपी काढली, बॅटरीचा मायनस आधी सोडवला. मग सीटखालून वायरींचा गुंता ओढून काढला. उलट्या क्रेटवर बसून सोजरबाई बघत होती. गुंत्यात काळी टेप सापडली, तेव्हा त्यांचे हात थांबले.

“सोजर, इकडे पाह्य. हे माहं काम हाय.”

“कोन्तं, चाचा?”

“या दोन वायरी म्या जोडल्या होत्या. चावी असती तं काठी पडून बी गाडी हालली नसती. तुही चूक नव्हती. माही होती.”

तीन महिने खाटेवर पडून सोजरबाईने स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या.

“मंग आतापावतर काहून नाही सांगतलं?”

“हिंमत नव्हती बेटा.”

“म्याच तं डायरेक्ट करा म्हनलं होतं,” जगदेव हळूच म्हणाला.

“तुमाले वायरीतलं काय समजते? मले समजत होतं.” त्यांनी पक्कडीने जोड कापला आणि तुकडा खिशात टाकला.

मग काम चाललं ते उन्हं कलेपर्यंत. बॅटरीजवळच फ्यूज, सेल्फला जाड वायर, चावीचा नवा स्विच, पेडलखालचा बटणस्विच साफ करून पुन्हा बसवलेला, आणि कुठे पत्रा घासेल तिथे रबरी नळी. मायनस सगळ्यात शेवटी. चावी बंद ठेवून त्यांनी पेडल दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, चार वेळा दाबलं.

“चालू तं होऊन नाही राह्यली,” जगदेव काळजीने म्हणाला.

“तेच तं पाहून राह्यलो.” दिवसभरात पहिल्यांदा सैफुद्दीनभाई हसले.

प्लगची टोपी लावली, कॉक उघडला, चावी फिरवून पेडल दाबलं. इंजिन सुरू झालं आणि अधांतरी चाकं गरगरली. ठोकळे काढल्यावर त्यांनी सोजरबाईकडे बघितलं. ती जागची उठेना.

“मले भेव लागते चाचा.”

“लागू दे. टाकीपावतर जा. म्या टाकीपाशीच उभा राह्यतो.”

आणि ते खरंच जाऊन टाकीला पाठ लावून उभे राहिले, गाडीच्या अगदी वाटेत.

सोजरबाई चढली. गाडी धक्के खात निघाली, वाफ्याच्या कडेने सरळ झाली आणि सैफुद्दीनभाईंपासून दोन हातांवर येऊन थांबली. तिने चावी फिरवून काढली, पदराला गाठ मारून त्यात बांधली आणि सवयीने काठी सीटला टेकवून उतरली. समोर डाळिंबाच्या रोपांचा ट्रे होता. ती उचलायला वाकली, तेवढ्यात मागे काठी घसरली आणि खाडकन पेडलवर पडली.

सोजरबाईने डोळे घट्ट मिटले. सैफुद्दीनभाई टाकीपासून हलले नाहीत.

गाडी उभी होती तशीच उभी राहिली. काही वेळाने सोजरबाईने ट्रे उचलला आणि मागे न बघता म्हणाली, “चाचा, काठी तेवढी द्या बरं इकडे.”